पायाखालची मुंबई

मुंबई पाहून माणूस गावी परतला की त्याला पहिला प्रश्न होतो, "काय काय पाहिलंस?" तो बोटांवर मोजीत सांगू लागतो. गेटवे पाहिला, राणीबाग पाहिली, म्हातारीचा बूट पाहिला, महालक्ष्मीला नारळ वाढवला, चौपाटीवर भेळ खाल्ली. ही यादी काही खोटी नसते. शाळेची सहल निघते तेव्हाही गुरुजींच्या खिशात अशीच एक चिठ्ठी असते, आणि दोन दिवसांत ती कशीबशी संपवून मुले अर्धवट झोपेत परतीच्या गाडीत चढतात.

वाचकहो, त्या चिठ्ठीतली नावे बदला असे मी म्हणत नाही. तीच ठिकाणे पाहा. फक्त प्रत्येक ठिकाणी उभे राहिल्यावर मुलांना एक प्रश्न विचारा. आपण आता जिथे उभे आहोत, तिथे पूर्वी जमीन होती की पाणी?

केशोरीच्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. आपला मुलूख तलावांचा. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आपल्या तालुक्यात आहे, आणि तो बांधण्याचे श्रेय लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. इटियाडोहाची भिंत आपण जाता-येता पाहतो. गावोगावच्या बोड्या आणि मालगुजारी तलाव तर विचारूच नका. पाळ कशी घालतात, ती कुठे झिरपते, पावसाळ्यात फुटली तर खालच्या बांध्यांचे काय होते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. असे डोळे घेऊन जो मुंबईत जाईल, त्याला तिथल्या माणसालाही सहसा न दिसणारी मुंबई दिसेल.

मुंबई आपल्याला जवळ नाही. अर्जुनीला नाहीतर वडशाला गाडी धरायची, गोंदियाला उतरायचे, आणि पुढे हजार किलोमीटरला थोडा कमी असा रेल्वेचा प्रवास. विदर्भ एक्सप्रेसमध्ये सबंध रात्र जाते. शिवाय मुंबई आपली राजधानी झाली तीही काही फार जुनी गोष्ट नव्हे. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत आपला भंडारा जिल्हा त्या वेळच्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. तेव्हा ज्या शहरात आपल्या शेताचे, शाळेचे, धानाच्या भावाचे निर्णय होतात, ते शहर आहे तरी कशावर उभे, हे पाहून ठेवलेले बरे.

ते उभे आहे पाण्यावर. नकाशात आज मुंबई म्हणजे दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली जमिनीची एक जीभ दिसते. पूर्वी तिथे सात बेटे होती. मुंबई, कुलाबा, धाकटा कुलाबा, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. त्यांच्या मधून भरतीचे पाणी आत शिरायचे, ओहोटीला चिखल उघडा पडायचा. बेटांवर कोळ्यांची वस्ती, नारळीच्या वाड्या, थोडी भातशेती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरले तेव्हा मुंबई आंदणात गेली. १६६८ साली त्या राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. आंदणाची गाय घरी ठेवायची नाही म्हणून कोणी खंडाने लावावी, तसा हा प्रकार.

जुन्या पाण्याची साक्ष मुंबईतल्या नावांत राहिली आहे. शिक्षकांनी ही नावे मुलांकडून जरूर लिहून घ्यावीत. पायधुणी म्हणजे जिथे खाडीचा चिखल तुडवून आल्यावर माणसे पाय धूत ती जागा. आज तिथून समुद्र दिसतदेखील नाही, नुसती दुकाने आणि हातगाड्या. जवळच उमरखाडी आहे. खाडी गेली, नाव उरले.

आता महालक्ष्मीला चला. देऊळ टेकाडावर आहे, मागे समुद्र. देवळाखालचा जो मोठा रस्ता हाजी अलीवरून वरळीकडे जातो, तो नीट पाहा. त्याचे आजचे नाव लाला लजपतराय मार्ग. जुने नाव हॉर्नबी वेलार्ड. वेलार्ड हा पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द, आणि त्याचा अर्थ कुंपण किंवा बांध. आपण म्हणू, पाळ. मुंबई आणि वरळी या दोन बेटांच्या मधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत घुसून थेट भायखळ्यापर्यंतचा सखल भाग बुडवीत असे. ते खिंडार विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर असताना बुजवायला घेतले आणि १७८४ च्या सुमारास काम पुरे झाले.

तलावाची पाळ आणि समुद्राची पाळ यांत एक मोठा फरक आहे. आपल्या पाळीवर पाण्याचा भार पावसाळ्यात चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो, म्हणजे डागडुजीला मोकळे महिने मिळतात. समुद्र मात्र दिवसातून दोन वेळा चढतो आणि दोन वेळा उतरतो. आज टाकलेला दगड रात्रीच्या भरतीने हलवावा, उद्या पुन्हा तिथेच दगड टाकावा, असे ते काम. याबद्दल एक आख्यायिका आहे. बांध वारंवार ढासळू लागला तेव्हा तिथल्या पाठारे प्रभू कंत्राटदाराला देवीने स्वप्नात येऊन सांगितले की माझी मूर्ती समुद्रात आहे, ती आधी वर काढ. मूर्ती काढली, देऊळ बांधले आणि मग बांध टिकला, अशी ही कथा. दुसरी कथा हॉर्नबीची. विलायतेतल्या कंपनीच्या संचालकांनी खर्चाला मंजुरी नाकारली, ते पत्र त्याने खिशात दडवून ठेवले आणि काम संपल्यावरच बाहेर काढले म्हणतात. दोन्ही कथा ऐकायला गोड आहेत. पण दोन्हींत एक माणूस दिसत नाही. डोक्यावर घमेले घेऊन दगडमाती टाकणारा तो. शहराच्या कामांवर तेलुगू मुलखातून कितीतरी मजूर आले. त्यांना कामाठी म्हणत, आणि कामाठीपुरा हे वस्तीचे नाव त्यांच्यावरून पडले. आपल्या दक्षिणेकडचीच ती माणसे. बांध कोणी बांधला असे मुलांनी विचारले तर गव्हर्नरच्या नावावर थांबू नका.

पुढे एकेक खाडी अशीच बांधली गेली. कुलाब्याचा रस्ता १८३८ मध्ये झाला, माहीमचा १८४५ मध्ये. माहीमच्या रस्त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी पैसा दिला, म्हणून तिथल्या रस्त्याला लेडी जमशेटजींचे नाव आहे. या दोन रस्त्यांवर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळायचे ते फोर्टात, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या भागात. नाव फोर्ट, आणि किल्ला दिसत नाही. मुले हे विचारतातच. बार्टल फ्रिअर हा गव्हर्नर असताना, १८६२ ते १८६७ या काळात, किल्ल्याचे तट पाडले. ते पाडण्याची निकड ज्या पैशामुळे लागली तो पैसा होता कापसाचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गुजरातचा, खानदेशाचा, वऱ्हाडाचा कापूस मुंबईच्या बंदरात ओतला जाऊ लागला. शेतकऱ्याच्या हाती त्यातले किती आले हा प्रश्न निराळा. व्यापाऱ्यांच्या हाती मात्र इतके आले की ते कुठे ठेवावे हे सुचेना, आणि ते समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांत गेले. अजून पाण्याखाली असलेल्या जमिनीचे भाग मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला, आणि कागदावरची ती जमीन कागदावरच राहिली. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या.

प्रेमचंद रायचंद हा त्या सट्ट्याचा राजा. तोही बुडाला. पण बुडण्याआधी त्याने मुंबई विद्यापीठाला मनोरा बांधण्यासाठी दोन लाख रुपये दिले होते, आणि मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे नाव द्यावे अशी इच्छा व्यक्त केली होती. ओव्हल मैदानावरून जो उंच घड्याळाचा मनोरा दिसतो तो हाच. १८७८ मध्ये तो पुरा झाला. उंची २८० फूट. मनोरा पाहताना मुलांना कापसाचे बोंड आठवून द्या. आपल्याकडे पिकते ते धान, कापूस पिकतो तो पश्चिमेच्या जिल्ह्यांत. पण भाव दूरदेशी ठरतो आणि त्याचा झटका बांधावरच्या माणसाला बसतो, हे धानवाल्यालाही वेगळे सांगायला नको.

आपली गाडी ज्या स्टेशनात येऊन थांबते, ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, याच फोर्टाच्या वेशीवर आहे. गाडीतून उतरताच बाहेर पळू नका. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुकाराने १८७८ मध्ये काम सुरू केले आणि दहा वर्षांत पुरे केले. दाराच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे नि दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवरची पाने, पक्षी आणि प्राणी यांचे पुष्कळसे कोरीव काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. युनेस्कोने २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत घेतली. जागेचे जुने नाव बोरीबंदर. पुन्हा बंदर, पुन्हा पाणी. इथूनच १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी ठाण्याला गेली.

गेटवेची गोष्ट मोठी मौजेची आहे. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईच्या पालवा बंदरावर उतरले. त्यांच्या आगमनाचे स्मारक म्हणून ही कमान. पण ते आले त्या दिवशी ती नव्हतीच! त्यांना पाहायला मिळाला तो पुठ्ठ्याचा नमुना. पायाचा दगड १९१३ मध्ये बसला, आणि मग ध्यानात आले की ज्या जागेवर कमान उभी करायची तिथे आधी भराव घातला पाहिजे. भरावाचे काम १९१५ ते १९१९ चालले. जॉर्ज विटेट या वास्तुकाराचा नकाशा, खरोडीचा पिवळसर बेसाल्ट दगड, ग्वाल्हेरहून आणलेल्या जाळ्या, गुजरातच्या जुन्या मशिदींची आठवण देणाऱ्या कमानी. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते ती उघडली. उंची ८५ फूट. कमानीसमोरून सरळ शहरात जाणारा रस्ता काढायचा होता, पण पैसा संपला. म्हणून कमान आणि रस्ता आजही एका ओळीत नाहीत. तिथे उभे राहून पाहा, लगेच लक्षात येईल.

राजा आत येण्यासाठी बांधलेल्या या दाराचा इतिहासात खरा उपयोग झाला तो बाहेर जाण्यासाठी. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून गेली आणि बोटीत बसली. मुलांना तारीख पाठ असो वा नसो, हे एवढे ठाऊक असावे. जवळच छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी उभा राहिला. थोड्या अंतरावर पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स, आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तेही विटेटचेच. ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. घाईत असाल तर आत न गेलेलेच बरे.

गेटवेपासून घारापुरीच्या बोटी सुटतात. सुमारे तासाचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात, हे न ठाऊक असल्याने कितीक सहली धक्क्यावरून परत फिरल्या आहेत. आणि गुरुजी, एक कळकळीची गोष्ट. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसे दगावली. आपली मुले तलावात पोहलेली असतात, म्हणून त्यांना पाण्याची भीती नसते. ती भीती मुद्दाम घालायची नाही, पण प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट बांधलेले आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज बोट सोडू देऊ नका.

घारापुरी हे मात्र भरावाचे नव्हे, अस्सल बेट. तिथली मुख्य लेणी सहाव्या शतकातली समजतात. डोंगर आतून कोरीत नेऊन मंदिर केले आहे आणि मागच्या भिंतीत तीन मुखांचा सदाशिव आहे, सुमारे अठरा फूट उंच. त्याच्यासमोर गेल्यावर गोंगाट करणारे वर्गही क्षणभर गप्प होतात. पोर्तुगीजांच्या काळात कितीतरी मूर्ती फोडल्या गेल्या. इथला शिलालेख त्यांनी वाचून घ्यायला पोर्तुगालला पाठवला आणि तो तिकडे हरवला, म्हणून लेणी कोरवून घेणाऱ्या राजाचे नाव आज तर्कानेच सांगावे लागते. बेटावर एक दगडी हत्ती होता. त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. १८६४ मध्ये तो हत्ती विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना यारीच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे १९१४ मध्ये सांधून हत्ती पुन्हा उभा केला. तो आज राणीबागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मुले पेंग्विन पाहायला धावतात. जाऊ द्या, पण परतताना हा हत्ती दाखवा. त्या संग्रहालयात निरनिराळे धंदे करणाऱ्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. आपल्या गावातला सुतार, कुंभार, कोष्टी मुलांना तिथे ओळखू येईल. बुधवारी मात्र जाऊ नका, बंद असते.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. समुद्राकडे तोंड करून कठड्यावर सगळेच बसतात. जिथे बसता ती जागा शंभर वर्षांपूर्वी समुद्रात होती. कापसाच्या सट्ट्यात बुडालेले बॅक बे भरण्याचे स्वप्न सरकारने पहिल्या महायुद्धानंतर, जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना, पुन्हा हाती घेतले. बंदरातून चिखल उपसून इकडे टाकायचा, असा बेत. भराव वाहून जाऊ लागला, खर्चाचा अंदाज चुकला, हिशेब वाढत गेला, आणि बोलले कुणी नाही. बोलले ते खुर्शेद फ्रामजी नरिमन नावाचे एक वकील. त्यांनी वर्तमानपत्रातून आणि कौन्सिलातून गैरकारभार उघड केला. कामावरच्या हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद केली. खटला गाजला, आणि १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. भराव आखला होता त्यापेक्षा पुष्कळ कमी झाला. त्यावर १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह झाला आणि गोल कोपऱ्यांच्या इमारती उठल्या. युनेस्कोने २०१८ मध्ये त्या आणि ओव्हल मैदानापलीकडच्या जुन्या इमारती मिळून जागतिक वारशात घेतल्या. पुढे समुद्र आणखी भरून उंच कचेऱ्यांची जी वसाहत झाली, तिला नाव दिले नरिमन पॉइंट! भरावाचा भ्रष्टाचार ज्याने चव्हाट्यावर आणला, त्याचेच नाव भरावाला. हा गौरव म्हणावा की थट्टा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

समुद्र भरणे अजून थांबलेले नाही. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या किनारी रस्त्यासाठी हाजी अलीजवळ आणि वरळीला पुन्हा भराव पडला. वरळीच्या कोळ्यांनी तेव्हा आपल्या होड्यांच्या वाटेसाठी भांडण मांडले. पुलाच्या खांबांमधून उधाणात होडी नेताना ती आपटेल, अंतर वाढवा, असे त्यांचे म्हणणे. बराच काळ काम अडल्यावर ते सरकारला मानावे लागले. मुंबई जिच्या नावाने ओळखली जाते ती मुंबादेवी मूळची या कोळ्यांची. वरळीचा कोळीवाडा अजून तिथे आहे. सहलीच्या चिठ्ठीत तो नसतो.

फोर्टात परत एकदा यायचे ते हुतात्मा चौकासाठी. इथे किल्ल्याचा एक दरवाजा होता. तो पाडल्यावर १८६४ मध्ये फ्लोरा या रोमन देवतेचे कारंजे बसवले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून निघालेल्या मोर्चावर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात गोळीबार झाला. सबंध लढ्यात शंभरावर माणसे कामी आली. हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार यांचे शिल्प त्यांचे स्मारक आहे. आपल्याकडची गोष्ट अर्थात थोडी निराळी होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचवले होते, आणि ते व्हावे असे मानणारे तेव्हाही होते व आजही आहेत. मुलांनी विचारले तर दोन्ही बाजू सांगा. नावे मात्र टोपी काढून वाचा.

आपल्या भागातून सर्वांत अधिक माणसे मुंबईत जिथे जातात ते ठिकाण सहलीच्या चिठ्ठीत असो नसो, गावाला ठाऊक आहे. दादरची चैत्यभूमी. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाला. दरवर्षी ६ डिसेंबरला विदर्भातून गाड्या भरभरून जातात. जाणाऱ्यांनी जमल्यास परळची बी. आय. टी. चाळही पाहावी. दोन दशकांहून अधिक काळ बाबासाहेब तिथे राहिले. या चाळी बांधणारे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाले, कारण १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला होता. परळ-लालबाग हे गिरणगाव. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आता त्या जागी काचेचे मनोरे आहेत आणि मधूनच एखादी विटांची चिमणी.

आता तळ्यांकडे वळू. समुद्राने वेढलेल्या बेटावर प्यायचे पाणी कुठले? विहिरींचे आणि तलावांचे. जुनी मुंबई तलावांची होती हो, आपल्यासारखीच! धोबीतलाव, खारा तलाव, सी. पी. टँक, दोन टाकी, ग्वालिया टँक. आज या नावांच्या जागी ट्रॅफिक आहे, थेंबभर पाणी नाही. शहर वाढले, तलाव पुरेनात, घाणही होऊ लागले. १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला, मिठी नदीवर मातीची धरणे घालून, आणि नळाचे पाणी आले. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. नळ आल्यावर जुन्या तलावांचे महत्त्व संपले. १९११ मध्ये डॉक्टर बेंटली यांनी हिवतापाचा तपास करून साठलेल्या पाण्यातल्या डासांवर बोट ठेवले, आणि तलाव बुजवायला, विहिरी झाकायला शास्त्राचा आधार मिळाला. हिवताप म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, तेव्हा त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. पण पाणी दुरून आले की त्याचे दुःखही दूर जाते. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा-भातशाचे पाणी मुंबईला जाते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

हँगिंग गार्डनमध्ये मुले धावतील तेव्हा त्यांना पाय आपटून पाहायला सांगा. त्या बागेखाली मलबार टेकडीचा जलाशय आहे. बाग म्हणजे नळाच्या पाण्याच्या टाकीवरचे झाकण! समोरच्या बागेत १९५२ पासूनचा म्हातारीचा बूट. तिथून उतरून ऑगस्ट क्रांती मैदानावर या. इथे गवळी गुरांना पाणी पाजीत, तो ग्वालिया तलाव. तलाव बुजला, मैदान झाले, आणि त्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री 'चले जाव'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पुढारी तुरुंगात असताना अरुणा असफ अली यांनी तिथे झेंडा फडकवला.

बुजवलेले पाणी विसरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे सबंध वर्षात पडतो त्याच्या निम्म्याहून पुष्कळ अधिक, एका दिवसात. मिठी नदीला वाट उरली नव्हती. शेकडो माणसे गेली. ज्या गावात बोडीच्या पोटात घरे बांधायची बोलणी चालू असतील, त्या गावच्या शिक्षकाने हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा.

सगळेच तलाव मात्र गेले नाहीत. वेळ उरला तर वाळकेश्वरला बाणगंगा पाहा. शिलाहारांच्या काळातली जागा म्हणतात, आणि १७१५ मध्ये रामा कामत यांनी तिचा जीर्णोद्धार केला. रामाला तहान लागली तेव्हा बाण मारून पाणी काढले, अशी कथा आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, कडेला दीपमाळा, बदके, कपडे वाळत घातलेली घरे. मलबार टेकडीच्या श्रीमंत इमारती वरून डोकावत असतात. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, मुलांना हात धरून उतरवा. पाणी झऱ्याचे आहे, गोडे. आणि खारा समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे.